माफीनाम्यानंतरचा संपादक : माधवराव सप्रे

हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात ज्या मराठी माणसांची नावे आदराने घेतली जातात, त्यांत बाबूराव विष्णु पराडकर आणि लक्ष्मण नारायण गर्दे यांच्याबरोबर माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी असते. भोपाळ येथे १९८४ साली स्थापन झालेले आणि देशभरातील जुन्या वृत्तपत्रांचा मोठा ठेवा जपणारे वृत्तपत्र संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात मात्र त्यांची आठवण क्वचितच निघते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग नागपुरात घडला, हेही अनेकांना ठाऊक नसते.

सप्रे यांच्या कार्याचा आढावा घेताना त्यांनी काढलेली नियतकालिके, केलेली भाषांतरे आणि घडवलेली माणसे यांची यादी दिली जाते. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी सरकारकडे मागितलेल्या माफीचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. वास्तविक, या माफीच्या आधीचे काही महिने आणि नंतरची काही वर्षे यांतच त्यांच्या जीवनाचे मर्म साठवलेले आहे. पत्रकाराला आपल्या व्यवसायापायी मनाची केवढी किंमत मोजावी लागते, याचे इतके बोलके उदाहरण आपल्याकडच्या वृत्तपत्रसृष्टीत दुसरे सहसा आढळत नाही.

नोकरी करताना स्वतःच्या भावना दाबणे, आवरणे किंवा कामाला साजेशा करून दाखवणे, हेही एक प्रकारचे श्रमच असतात, हा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशशील्ड यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यासाठी त्यांनी प्रामुख्याने विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास केला होता. पुढे परिचारिका, शिक्षक आणि पत्रकार यांच्या कामाकडेही याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले. अपघात, दंगल, आत्महत्या यांच्या बातम्या करणाऱ्या वार्ताहराच्या मनावर काय परिणाम होतो, याची चर्चा आता वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही होते. सप्रे यांच्या काळी अशा श्रमांना नाव नव्हते; श्रम मात्र होते.

पेंड्र्याचा शिक्षक

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घराणे मराठी, पण वास्तव्य हिंदी मुलुखात. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशा वातावरणात ते वाढले. बिलासपूर आणि रायपूर येथे शालेय शिक्षण आणि पुढे जबलपूर, ग्वाल्हेर येथे महाविद्यालयीन शिक्षण असा त्यांचा प्रवास झाला. आर्थिक ओढाताणीमुळे त्यात खंडही पडले. अखेर ते पदवीधर झाले. त्या काळी मध्य प्रांतात पदवीधरांची संख्या अत्यल्प होती आणि पदवी हाती असणाऱ्यास सरकारी नोकरीची दारे सहज उघडत. माधवरावांपुढेही तशी संधी आली होती. ती त्यांनी नाकारली आणि पेंड्रा येथील जमीनदार घराण्यातील मुलाचे शिक्षक म्हणून काम पत्करले.

या पेंड्र्यातूनच जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू झाले. रामराव चिंचोलकर हे संपादनात त्यांचे सहकारी होते, तर वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाचा भार उचलला. तिघेही मराठी भाषक आणि मासिक मात्र हिंदी. रेल्वेची सोय नुकती झालेल्या, छापखान्यांची वानवा असलेल्या आणि साक्षरतेचे प्रमाण नगण्य असलेल्या भागात मासिक चालवणे हे धाडसच होते. पुस्तकांचे गंभीर परीक्षण हिंदीत रुजवण्याचे श्रेय या मासिकाला दिले जाते. १९०१ साली त्यात प्रसिद्ध झालेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील पहिली लघुकथा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. एका जमीनदाराने विधवेची झोपडी बळकावल्याची आणि टोपलीभर मातीच्या निमित्ताने त्याचे डोळे उघडल्याची ती गोष्ट. जमीनदाराच्या पदरी शिक्षक असलेल्या माणसाने ती लिहावी, यातून लेखकाचा पिंड दिसतो.

मासिक तोट्यात होते. वर्गणीदारांकडून पैसे वेळेवर येत नसत. डिसेंबर १९०२ मध्ये, तीन वर्षांनी, ते बंद पडले. पदरमोड करून चालवलेले पत्र आपल्याच हाताने बंद करण्याचा अनुभव सप्रे यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षी घेतला. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक परिभाषाकोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राच्या पारिभाषिक शब्दांचे काम केले. हिंदीत या विषयाची भाषा घडवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यामुळे त्यांची गणना होते.

दुसऱ्याचा संताप, आपली भाषा

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशी व बहिष्काराची चळवळ पेटली. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ या चळवळीचा मराठीतील आवाज होता. मध्य प्रांतात मात्र हा आवाज अर्ध्याच लोकांपर्यंत पोहोचत होता. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे जिल्हे मराठी. जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूर हे हिंदी. या दोहोंच्या सीमेवर असलेल्या भागात तर दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला कामठा, आमगावचा पट्टा त्या काळी भंडारा जिल्ह्यात होता. नागपूरहून रायपूरकडे जाणारा लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. येथे घरी पोवारी किंवा लोधी बोली, बाजारात हिंदी आणि कचेरीत मराठी अशी रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली. कामठ्याच्या जमीनदारीने १८१८ मध्ये चिमणा पटेलाचा इंग्रजांविरुद्धचा उठाव पाहिला होता. अशा मुलुखात असंतोष नवा नव्हता; त्याला वृत्तपत्राची भाषा मिळालेली नव्हती. ती देण्याची गरज सप्रे यांनी ओळखली.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक निघाले. टिळकांच्या ‘केसरी’तील लेख हिंदीत आणणे हा त्याचा मुख्य हेतू. वरवर पाहता हे भाषांतराचे काम होते. प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी अवघड होते. अग्रलेखाचे भाषांतर करणाऱ्याला केवळ शब्द बदलून भागत नाही. मूळ लेखकाचा संताप, उपरोध आणि निर्धार स्वतःच्या मनात जागवल्याखेरीज तो दुसऱ्या भाषेत उतरत नाही. सप्रे स्वभावाने शांत, अभ्यासू आणि काहीसे अंतर्मुख होते. मासिकाच्या संथ लयीत रमणाऱ्या या माणसाला आता दर आठवड्याला राजकीय लेखनाची धग सोसावी लागत होती. त्यातच स्वदेशी आणि बहिष्कारावरील त्यांच्या पुस्तिकेकडेही सरकारची वक्र दृष्टी वळली आणि ती जप्त झाली.

काळही स्फोटक होता. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना हद्दपार करण्यात आले. त्या वर्षीचे काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात व्हावयाचे होते. पण जहाल आणि मवाळ यांच्यातील वादामुळे ते सुरतेला हलवण्यात आले आणि तेथे काँग्रेस दुभंगली. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध मोहीमच उघडली. जूनमध्ये वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा नवा कायदा आला. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना शिक्षा झाली. २४ जून रोजी टिळकांना अटक झाली आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. ज्या लेखनासाठी मूळ लेखकाला एवढी शिक्षा झाली, त्याच स्वरूपाचे लेखन हिंदीत आणणाऱ्या संपादकाला काय भोगावे लागेल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती.

ऑगस्टमधील अटक

२२ ऑगस्ट १९०८ रोजी सप्रे यांना नागपुरात अटक झाली. त्याच सुमारास नागपूरच्या ‘देशसेवक’ पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही पकडण्यात आले. आरोप राजद्रोहाचा होता. भारतीय दंडविधानाच्या १२४-अ कलमान्वये त्यासाठी तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास किंवा अगदी जन्मठेप काळ्या पाण्याचीही शिक्षा होऊ शकत होती. सप्रे यांचे वय तेव्हा सदतीस वर्षांचे होते.

तुरुंगात सरकारशी लढण्याची मानसिक तयारी अनेक संपादकांनी केलेली असे. घराशी लढण्याची तयारी मात्र कोणीच केलेली नसते. सप्रे यांच्या बाबतीत निर्णायक ठरले ते घरच. त्यांच्या थोरल्या बंधूंनी माफी मागण्याचा आग्रह धरला आणि तसे न केल्यास आत्महत्या करण्याची धमकी दिली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. एकत्र कुटुंबाच्या त्या काळात थोरल्या भावाचा शब्द म्हणजे वडिलांचा शब्द. शिवाय हिंदी प्रदेशात वसलेल्या मोजक्या मराठी कुटुंबांपैकी ते एक कुटुंब. संकटात धावून येणारा मोठा गोतावळा आसपास असण्याचा प्रश्न नव्हता.

एका बाजूस गुरुस्थानी मानलेले टिळक मंडालेच्या वाटेवर, दुसऱ्या बाजूस मरणाची भाषा बोलणारा भाऊ. सरकारचा दबाव झुगारता येतो, कारण तेथे शत्रू समोर उभा असतो. आप्तांच्या प्रेमातून आलेला दबाव झुगारणे फार कठीण. भावाचे प्राण आणि स्वतःची प्रतिष्ठा यांत निवड करण्याची वेळ येताच सप्रे यांनी भावाचे प्राण निवडले. त्यांनी माफीपत्रावर स्वाक्षरी केली आणि सुमारे अडीच-तीन महिन्यांच्या बंदिवासानंतर नोव्हेंबर १९०८ मध्ये ते सुटले. कोल्हटकर यांनी मात्र कारावास भोगला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘संदेश’ काढून मराठी वृत्तपत्रसृष्टीत नवे युग आणले. एकाच शहरातील, एकाच वेळी अटक झालेल्या दोन संपादकांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या.

शिक्षा कोणी दिली?

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. सप्रे यांच्या दृष्टीने ते आता सुरू झाले होते. राष्ट्रीय पक्षाच्या वर्तुळात त्यांच्या माफीने निराशा पसरली. बाहेरच्या टीकेपेक्षाही त्यांना आतले शल्य अधिक बोचत होते. वाचकांना निर्भयतेचा उपदेश करणाऱ्या संपादकाने स्वतः मात्र क्षमा मागितली, ही विसंगती त्यांना सहन होईना. आपल्या निर्णयाचे समर्थन करणारा एखादा लेख लिहून लोकमत वळवणे त्यांच्या लेखणीला अशक्य नव्हते. भावाचे नाव पुढे करून सहानुभूतीही मिळवता आली असती. त्यांनी यांपैकी काहीही न करता सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. ‘हिंदी केसरी’ही पुढे फार काळ टिकले नाही.

सरकारने न दिलेली शिक्षा सप्रे यांनी स्वतःला दिली. वर्धा येथील हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषाच्या सान्निध्यात ते राहिले. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी रामदासी पंथाच्या शिस्तीत घालवला. पाच घरी जाऊन माधुकरी मागावी आणि त्या अन्नावर निर्वाह करावा, असा त्यांचा दिनक्रम होता. पदवीधर, संपादक आणि सरकारी अधिकारपद सहज मिळवू शकला असता असा माणूस झोळी घेऊन दारोदार फिरत होता. पूर्वी वर्गणीदारांकडे पत्रासाठी पैसे मागणारा हा संपादक आता भाकरी मागत होता आणि त्या मागण्यात मानापमानाचा लवलेशही उरू नये, असा त्याचा प्रयत्न होता.

आजच्या भाषेत बोलायचे तर मनावर झालेल्या आघातातून सावरण्याचा हा मार्ग होता. त्या काळी समुपदेशक नव्हते, वृत्तपत्रांच्या संघटना नव्हत्या, पत्रकाराच्या मनाची विचारपूस करणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. परंपरेने प्रायश्चित्ताची एक चौकट मात्र दिलेली होती. ती चौकट कठोर असली, तरी तिला सुरुवात होती आणि शेवटही होता. प्रायश्चित्त पूर्ण झाल्यावर माणसाने पुन्हा कामाला लागावे, अशी तिची अपेक्षा होती. रामदासांच्या शिकवणीतील प्रयत्नवादाने सप्रे यांना याच ठिकाणी हात दिला.

पुन्हा लेखणी

हनुमानगडाच्या वास्तव्यातून पुढे आलेले सर्वांत मोठे काम म्हणजे ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर. ज्या ग्रंथाने आपल्याला उभे केले, तो हिंदी वाचकांच्या हाती देणे हेच त्यांनी आपले कर्तव्य मानले. रायपुरात परतल्यावर त्यांनी रामदासी मठाची स्थापना केली आणि मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी कन्या पाठशाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला.

यानंतर आले ते ‘गीतारहस्या’चे काम. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचे हिंदी भाषांतर सप्रे यांनी केले. या घटनेला त्यांच्या आयुष्यात विशेष अर्थ होता. ज्या खटल्यांच्या लाटेत टिळक मंडालेला गेले आणि सप्रे माफी मागून घरी आले, त्याच मंडालेत जन्मलेला ग्रंथ हिंदी भाषकांपर्यंत नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे सांगणाऱ्या त्या प्रचंड ग्रंथाचे एकेक पान हिंदीत उतरवताना त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. भाषांतर इतके सरस उतरले की हिंदी वाचकांच्या अनेक पिढ्यांनी टिळकांचा हा ग्रंथ सप्रे यांच्याच शब्दांत वाचला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही हिंदी भाषांतर त्यांनी केले.

१९२० च्या जानेवारीत जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्यामागची प्रेरणा आणि खटपट प्रामुख्याने सप्रे यांची होती. संपादक म्हणून मात्र नाव होते माखनलाल चतुर्वेदी यांचे. वयाने अठरा वर्षांनी लहान असलेल्या या कवीला त्यांनी पुढे केले आणि स्वतः मागे राहिले. ‘कर्मवीर’ने हिंदी प्रदेशात राष्ट्रीय पत्रकारितेचा मानदंड निर्माण केला. १९२१ मध्ये चतुर्वेदी यांना राजद्रोहाच्याच आरोपाखाली शिक्षा झाली आणि ते तुरुंगात गेले. तेरा वर्षांपूर्वी सप्रे यांच्या हातून जे झाले नाही, ते त्यांनी उभ्या केलेल्या पत्राच्या संपादकाने करून दाखवले. यामुळे त्यांच्या मनावरील ओझे किती हलके झाले असेल, ते तेच जाणोत. पत्राची परंपरा मात्र खंडित झाली नाही.

१९२४ मध्ये देहरादून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रे यांना देण्यात आले. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाला हिंदी भाषकांनी दिलेला हा सर्वोच्च सन्मान होता. माफीचा प्रसंग विसरला गेला म्हणून तो मिळाला नव्हता. त्यानंतरच्या सोळा वर्षांच्या अखंड कष्टांनी तो मिळवला होता. प्रकृती ढासळत चालली होती आणि आर्थिक विवंचना कधीच संपली नव्हती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजचा संदर्भ

सप्रे यांच्यावर आलेला प्रसंग असामान्य होता. त्यामागचा ताण मात्र प्रत्येक पिढीतील पत्रकारांना परिचित आहे. धमकी आली तर ती घरी सांगावी की लपवावी, मुलाबाळांची काळजी करावी की बातमीची, सहकारी अडचणीत असताना आपण सुखरूप राहिलो याची बोच कशी सोसावी, हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या वार्ताहराला तर ते अधिकच छळतात. शहरातील बातमीदाराच्या मागे निदान मोठी कचेरी उभी असते. लहान गावातील वार्ताहर आणि ज्याच्याविरुद्ध बातमी दिली तो पुढारी सकाळी एकाच टपरीवर समोरासमोर येतात. तशातही दुसऱ्या दिवशी निर्विकार चेहऱ्याने बातमी द्यावीच लागते.

राजद्रोहाच्या ज्या कलमाखाली सप्रे यांना अटक झाली, त्याचा अंमल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन जुना दंडविधानच इतिहासजमा झाला. नव्या संहितेतील १५२ वे कलम हे जुन्याचेच नवे रूप असल्याची टीका होत असल्याने वाद मिटलेला नाही. पत्रकाराच्या मनाच्या संरक्षणासाठी मात्र कोणत्याच संहितेत कलम नाही. ती जबाबदारी वृत्तपत्रांच्या मालकांनी, संपादकांनी आणि सहकाऱ्यांनीच घ्यावयाची आहे.

पत्रकारांच्या इतिहासात तुरुंगात गेलेल्यांची नावे ठळक अक्षरांत लिहिली जातात आणि ते योग्यच आहे. जे एका क्षणी वाकले आणि नंतर आयुष्यभर त्या क्षणाची भरपाई करीत राहिले, त्यांच्यासाठीही त्या इतिहासात जागा असली पाहिजे. माधवराव सप्रे यांनी आपल्या माफीचे समर्थन केले नाही आणि माफी मागावी लागली म्हणून लेखणीही कायमची टाकली नाही. ‘दासबोध’, ‘गीतारहस्य’ आणि ‘कर्मवीर’ ही त्यांच्या कार्याची तीन ठळक ठिकाणे त्या माफीनाम्यानंतरची आहेत.